लेयर-३ स्विचवर व्हीलॅनांमधील राउटिंग कसे सुरू करावे

कर्मचारी, लेखा विभाग आणि पाहुण्यांचे वायफाय एकाच स्विचला जोडलेले असले, तरी त्यांचे व्हीलॅन (एकाच स्विचवर आखलेले आभासी नेटवर्क) वेगळे केल्यावर ती तीन स्वतंत्र नेटवर्क होतात आणि एकातील संगणक दुसऱ्यातील प्रिंटरपर्यंत पोहोचत नाही. त्यांच्यातील माहितीची वाहतूक राउटरकडे पाठवून परत आणता येते. मात्र लेयर-३ स्विच हेच काम, म्हणजे एका नेटवर्कमधून दुसऱ्यात वाट काढून देण्याचे राउटिंग, स्वतः करतो आणि राउटरच्या एका केबलवरचा भार टळतो. केवळ ‘मॅनेज्ड’ (सेटिंग बदलता येणारा) असलेला प्रत्येक स्विच राउटिंग करतोच असे नाही, हे खरेदीपूर्वीच तपासावे. पुढील आज्ञा सिस्कोच्या आयओएस प्रणालीतील आहेत.

प्रथम कागदावर आराखडा करावा. येथे कर्मचाऱ्यांसाठी व्हीलॅन १०, लेखा विभागासाठी २० आणि पाहुण्यांसाठी ३० घेतला आहे. क्रमांक १ ते ४०९४ पर्यंत चालतात, पण १ हा मुळातला असल्याने तो टाळलेला बरा. व्हीलॅनचा क्रमांक पत्त्यातही ठेवावा: १९२.१६८.१०.०, १९२.१६८.२०.० आणि १९२.१६८.३०.०, सर्वांचा सबनेट मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा हे सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.०. अशा प्रत्येक पत्तेगटाला सबनेट म्हणतात.

काम शक्यतो कन्सोल केबलने (संगणक थेट स्विचला जोडणाऱ्या केबलने) करावे. राउटिंग सुरू होताच ‘आयपी डिफॉल्ट-गेटवे’ ही (स्विचला नेटवर्कबाहेर जाण्याचे दार सांगणारी) जुनी नोंद निष्प्रभ होते आणि दुसऱ्या सबनेटमधून स्विचशी जोडलेला माणूस मध्येच बाहेर फेकला जातो.

कॉन्फिगरेशनमध्ये जाऊन तिन्ही व्हीलॅन तयार करावेत, त्यांना नावे द्यावीत आणि संगणकांचे पोर्ट ‘अ‍ॅक्सेस’ (एकाच व्हीलॅनच्या) पद्धतीत घालून आपापल्या व्हीलॅनला जोडावेत. दुसऱ्या स्विचकडे जाणारा पोर्ट ‘ट्रंक’ (अनेक व्हीलॅन नेणारा) असावा. त्यानंतर ‘इंटरफेस व्हीलॅन १०’ उघडून १९२.१६८.१०.१ हा पत्ता द्यावा, ‘नो शटडाउन’ करावे आणि उरलेल्या दोघांसाठी हेच करावे. हे पत्ते त्या त्या व्हीलॅनमधील संगणकांचे गेटवे होत. व्हीलॅनचा एकही पोर्ट चालू नसेल, तर त्याचा इंटरफेसही ‘डाउन’ दिसतो. अशा वेळी आज्ञा पुनःपुन्हा तपासण्याआधी केबल पाहावी. शेवटी ‘आयपी रूटिंग’ ही आज्ञा द्यावी.

आता इंटरनेट. राउटरकडील पोर्टवर ‘नो स्विचपोर्ट’ करून १९२.१६८.९९.१ हा पत्ता द्यावा, राउटरला १९२.१६८.९९.२ द्यावा आणि डिफॉल्ट रूट (इतर सर्व पत्त्यांसाठीची वाट) राउटरकडे वळवावा. बहुतेकांचे घोडे येथेच अडते: माहितीचे पाकीट राउटरपर्यंत जाते, पण १९२.१६८.१०.० कोठे आहे हे राउटरला ठाऊक नसल्याने उत्तर परतत नाही. म्हणून राउटरवर तिन्ही सबनेटचे स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेल्या वाटा) १९२.१६८.९९.१ कडे दाखवावेत आणि त्याचे नॅट (आतील पत्ते इंटरनेटच्या पत्त्यात बदलणे) त्या सबनेटना लागू आहे याची खात्री करावी. संगणकांना पत्ते देण्यासाठी प्रत्येक व्हीलॅनचा डीएचसीपी पूल (आपोआप वाटल्या जाणाऱ्या पत्त्यांचा साठा) स्विचवरच करता येतो. पूलमधील गेटवे त्याच व्हीलॅनचा असावा.

‘शो आयपी रूट’मध्ये तिन्ही सबनेट ‘सी’ (थेट जोडलेले) अक्षरासह दिसायला हवेत. मग संगणकावरून आधी स्वतःच्या गेटवेला, नंतर दुसऱ्या व्हीलॅनच्या गेटवेला आणि शेवटी तेथील संगणकाला पिंग (उत्तर येते का ते पाहणारी चाचणी) करावे. फक्त शेवटचे पिंग फसले, तर त्या संगणकाची फायरवॉल तपासावी. विंडोज अनेकदा परक्या सबनेटचे पिंग नाकारते.

राउटिंग सुरू झाल्याने पाहुणे लेखा विभागापर्यंतही पोहोचू लागतात, म्हणून कोणती वाहतूक जाऊ द्यायची हे ठरवणारी नियमयादी (एसीएल) आवश्यक आहे. ती लावण्यापूर्वी कॉन्फिगरेशन जतन करावे, म्हणजे चूक झाल्यास स्विच पुन्हा सुरू करून मागे येता येते. यादीत प्रथम डीएचसीपी आणि डीएनएसला (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) परवानगी, मग १९२.१६८.०.० ने सुरू होणाऱ्या सर्व पत्त्यांना (वाइल्डकार्ड, म्हणजे पत्त्याचा कोणता भाग काहीही चालतो हे सांगणारा आकडा, ०.०.२५५.२५५) मनाई आणि शेवटी इतर सर्वांना परवानगी असा क्रम ठेवून ती व्हीलॅन ३० च्या इंटरफेसवर ‘इन’ (पाहुण्यांकडून स्विचमध्ये येणाऱ्या) दिशेने लावावी. यानंतर पाहुण्यांच्या संगणकावरून गेटवेला पिंग जाणार नाही. तो दोष समजू नये. लेखा विभागाचा पत्ता पाहुण्यांकडून उघडत नाही आणि इंटरनेट चालते, एवढे पाहून कॉन्फिगरेशन पुन्हा जतन करावे.