प्रौढांच्या वर्गाचा व्हॉट्सॲप गट: चर्चा कशी घडवावी

साक्षरता वर्गासाठी काढलेला व्हॉट्सॲप गट बहुधा ‘शुभ सकाळ’ आणि सूचना यांतच अडकतो. त्यावर चर्चा घडवायची असेल, तर आठवड्याला एकच विषय घ्यावा, आणि तो शक्यतो वर्गातल्याच कोणाच्या तरी फोनवर आलेला फॉरवर्ड असावा. प्रौढशिक्षणाचे विचारवंत पाउलो फ्रेइरी यांनी १९६३ मध्ये ब्राझीलमधील अँजिकोस येथे सुमारे ३०० प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवले, तेव्हा त्यांच्याच जगण्यातली चित्रे दाखवून त्यांना बोलते केले होते. आपल्याकडे तसे चित्र रोज फोनवर आयतेच येऊन पडते.

संदेश गटावर टाकताना ‘हे खोटे आहे’ असे स्वयंसेवकाने म्हणू नये, कारण गुरुजींनी निकाल दिला की बाकीचे गप्प बसतात. त्याऐवजी दिवसाला एक प्रश्न विचारावा: हे पहिल्यांदा कोणी सांगितले असेल? यात गाव, तारीख, नाव आहे का? हे खरे मानून आपण काही केले, तर त्रास कोणाला होईल? तिसरा प्रश्न टाळू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षेकरी गोसावी समाजातील पाच जणांचा जीव घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. संदेशावरची दोन बाणांची खूण तो अनेकदा पुढे गेला आहे एवढेच सांगते, खरेखोटे नव्हे, हेही दाखवून द्यावे.

उत्तरे बोलून पाठवायला सांगावीत. नुकती अक्षरे जुळवू लागलेली बाई टाइप करायला संकोचते आणि मग गटात तीच दोन-तीन शिकलेली माणसे बोलत राहतात. मात्र व्हॉइस मेसेज मिनिटाभराचाच असावा. लांबलचक भाषण कोणी ऐकत नाही, स्वयंसेवकाचे तर नाहीच.

अनेक घरांत फोन एकच असतो आणि तो मुलाच्या किंवा नवऱ्याच्या हाती असतो, म्हणून घरगुती भांडण, दारू, कर्ज असे विषय गटावर न आणता वर्गातच बोलावेत. बोलणाऱ्याची परवानगी घेऊन आठवड्याच्या शेवटी तिचेच एक वाक्य फळ्यावर लिहावे आणि पुढचा वाचनपाठ त्यावरून सुरू करावा.