लॅप रेकॉर्ड सांगताना या चुका टाळा

मोटोजीपीत, म्हणजे बाइक शर्यतींच्या जागतिक अजिंक्यपद मालिकेत, प्रत्येक ट्रॅकवर दोन विक्रम असतात आणि निम्मे वाद इथेच पेटतात. एक विक्रम ऑल टाइम, म्हणजे सराव, क्वालिफाइंग, शर्यत या सगळ्यांतली सर्वात वेगवान लॅप. दुसरा फक्त शर्यतीतला. क्वालिफाइंगला, म्हणजे शर्यतीतली सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या फेरीला, टाकीत जेमतेम पेट्रोल असतं, आणि नवाकोरा सॉफ्ट टायर एक-दोन लॅप जबरदस्त पकड देतो. शर्यतीत टाकी भरलेली, टायर शेवटपर्यंत पुरवायचा. त्यामुळे पोलची (क्वालिफाइंगमधल्या पहिल्या क्रमांकाची) वेळ आणि शर्यतीतली लॅप शेजारी ठेवून ‘रविवारी रायडर ढेपाळला’ म्हणू नका. सीझनपूर्व टेस्टमधली वेळ कितीही भारी असली, तरी ती अधिकृत विक्रमात धरत नाहीत.

जुनी आणि नवी वेळ जुळत नसेल, तर आधी लेआउट, म्हणजे ट्रॅकची आखणी, तपासा. ऑस्ट्रियातल्या रेड बुल रिंगवर २०२१च्या ऑस्ट्रियन ग्रां प्रीत होर्हे मार्टिनची पोल होती १:२२.६४३, आणि २०२२ मध्ये एनिया बास्तियानिनीची १:२८.७७२. सहा सेकंदांचा फरक! बाइक मंदावल्या नव्हत्या, मध्ये ट्रॅकवर नवी शिकेन, म्हणजे वेग कमी करायला लावणारी लागोपाठची वळणं, आली होती. नेदरलँड्समधला आसेनचा ट्रॅकही २००६ मध्ये सहा किलोमीटरवरून साडेचारवर आला. तिथले २००५ पर्यंतचे आकडे आजच्या यादीत मिसळणं म्हणजे निव्वळ आळस. लेआउट तोच निघाला, तर मग पाऊस आणि टायर बघा.

टॉप स्पीड हे वेगळंच प्रकरण. ब्रॅड बाइंडरने २०२३ मध्ये इटलीतल्या मुजेलोच्या सरळ पट्ट्यावर ताशी ३६६.१ किमी वेग गाठला, पण लॅपची वेळ मुख्यतः ब्रेकिंगवर आणि वळणांवर ठरते.

आइल ऑफ मॅन टीटी, म्हणजे त्या बेटावरच्या सार्वजनिक रस्त्यांवर होणारी बाइक शर्यत, हिच्याबद्दल तर बरेच जण अजून रायडर पीटर हिकमनचा २०१८चा ताशी १३५.४५२ मैलांच्या लॅप सरासरीचा आकडाच सांगतात. तो त्यानेच २०२३ मध्ये १३६.३५८ मैलांवर नेला, तोही सुपरबाइकवर नाही, शोरूमच्या बाइकला जवळच्या सुपरस्टॉकवर! म्हणून वर्ग मोठा तर लॅप वेगवान, हे गृहीत धरू नका. आणि हे मैल आहेत. किलोमीटरमध्ये सरासरी साधारण २१९ होते. मोटोजीपीच्या ट्रॅकवरची सरासरी याहून बरीच कमी असते, पण त्यावरून टीटीची बाइक जास्त वेगवान ठरत नाही. टीटीच्या ६०.७ किलोमीटरच्या रस्त्यावर पूर्ण थ्रॉटलचे लांबच लांब पट्टे आहेत.