नोकरी सांभाळून दिवाळी अंकासाठी कथा लिहिताना

इंजिनिअर, डॉक्टर, सीए यांचं लेखन बहुतेकदा अडतं ते रविवारची वाट पाहण्यात. आठवडाभर न उघडलेली कथा पुन्हा ओळखीची व्हायलाच तास जातो. त्यापेक्षा आठवड्यातले चार दिवस, कामावर निघण्याआधी पाऊण तास काढा. एका बैठकीत २५० शब्द पुरे; २५०० शब्दांचा पहिला खर्डा तीन आठवड्यांच्या आत होतो. उठताना प्रसंग संपवू नका. पात्र बोलत असतानाच थांबा आणि पुढे काय घडणार ते एका ओळीत टिपून ठेवा.

लोकलमध्ये किंवा ओपीडीच्या मधल्या वेळेत फक्त टिपणं करा. फोनवर बोलून टाइप केलंत तर विरामचिन्हं आणि नावं गडबडतात, ती त्याच रात्री दुरुस्त करा. रुग्ण किंवा अशील ओळखू येईल असा तपशील तेव्हाच बदला.

सगळ्यात चिवट अडचण भाषेची. दिवसभर अहवाल लिहिणाऱ्याच्या कथेत ‘तपासणी करण्यात आली’, ‘सदर व्यक्ती’ असं काहीबाही शिरतं आणि करणारा माणूसच वाक्यातून गायब होतो. माणूस नसेल तर कथा कसली? दुसऱ्या खर्ड्यात ‘करण्यात’ आणि ‘सदर’ शोधा, आणि कोणी काय केलं ते लिहा: ‘नर्सनं नाडी पाहिली.’ दुसरी खोड समजावून सांगण्याची. कॉम्प्रेसर कसा चालतो हे वाचकाला नको असतं. तो बंद पडल्यावर रात्रपाळीचा फिटर कुणाकडे बघतो, ते हवं असतं. धंद्यातले शब्द मात्र काढू नका, ती तुमची पुंजी आहे.

दिवाळी अंकांसाठी साहित्य साधारण जून ते ऑगस्टमध्ये गोळा होतं. म्हणून खर्डा एप्रिलअखेर संपवा. मार्चमध्ये मान वर काढता येत नसेल तर जानेवारीतच बसा. मग तीन आठवडे तो बाजूला ठेवा. नंतर कागदावर छापून मोठ्यानं वाचा आणि जीभ अडखळेल तिथे खूण करा.

सरकारी नोकरीत असाल तर वर्तणूक नियम, खासगीत असाल तर नेमणुकीचा करार आधी वाचा. ऑफिसच्या लॅपटॉपवर लिहू नका. टोपणनावही चालतं: १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला आद्याक्षरं उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं कथा पाठवली होती.

मजकूर युनिकोडमध्ये पाठवा, आणि एका वेळी एकाच अंकाला.