सेक्स हार्मोनमुळे रॅटचं बीपी बदलतं का, हे तपासायचा प्रयोग कसा लावायचा

नर आणि मादी रॅटचं बीपी मोजलं, नरांचं जास्त आलं, म्हणजे टेस्टोस्टेरॉनमुळे बीपी वाढतं असं लिहून मोकळं होऊ नका. त्यातून फक्त फरक आहे एवढंच कळतं, तो कशामुळे हे नाही. हार्मोन काढून बघायचं आणि परत देऊन बघायचं, दोन्ही केल्याशिवाय भागत नाही.

आधी स्ट्रेन, म्हणजे रॅटचं वाण, ठरवा. 1963 मध्ये क्योटोत तयार झालेले एसएचआर (स्पॉन्टेनियसली हायपरटेन्सिव्ह) रॅट, ज्यांचं बीपी वयात येता येता आपोआप चढतं, ते नरांच्या प्रयोगाला एकदम चांगले, कारण लहान वयात वृषण काढले तर बीपी मादीच्या आसपास राहतं आणि टेस्टोस्टेरॉन दिलं की परत चढतं. माद्यांचं इतकं सरळ नाही. तरुण एसएचआर मादीचे अंडाशय काढून बऱ्याचदा फार काही होत नाही, पण डाल सॉल्ट सेन्सिटिव्ह, म्हणजे मिठाने बीपी चढणाऱ्या स्ट्रेनच्या, मादीत काढले तर बीपी वाढतं. त्यामुळे एका स्ट्रेनवरून सगळ्या माद्यांबद्दल बोलू नका प्लीज.

ग्रुप कमीत कमी तीन हवेत: शॅम, म्हणजे भूल देऊन पोट उघडून काहीही न काढता टाके घातलेले, मग ग्रंथी (वृषण किंवा अंडाशय) काढून कातडीखाली रिकामी कॅप्सूल बसवलेले, आणि ग्रंथी काढून हार्मोनची कॅप्सूल बसवलेले. एथिक्स कमिटीची परवानगी आणि ऑपरेशननंतर पेनकिलर हे आलंच. डोस रक्तातल्या नॉर्मल लेव्हलला आणेल एवढाच ठेवा, भरमसाट दिला तर तुम्ही हार्मोनचं काम नाही, औषधाचा परिणाम मोजताय. आणि एक गोष्ट खूप जण विसरतात, टेस्टोस्टेरॉनचं शरीरात अरोमाटेज एन्झाइममुळे इस्ट्रोजेनही बनतं, म्हणून एका ग्रुपला डीएचटी (डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉनपासूनच बनणारं नर हार्मोन) द्या, त्याचं इस्ट्रोजेन बनत नाही.

आता बीपी मोजणं, खरी गडबड इथे होते. टेल कफला, म्हणजे शेपटीला पट्टा बांधून बीपी मोजायला, रॅटला नळीत कोंबावं लागतं, शेपूट गरम करावी लागते, तो घाबरतो, धडपडतो आणि त्या घाबरण्यानेच बीपी वर जातं, वरून नर आणि माद्या स्ट्रेसला सारखा रिस्पॉन्स देतील याची काय गॅरंटी? परवडत असेल तर टेलिमेट्रीच करा, म्हणजे शरीरात बसवलेल्या ट्रान्समीटरने बिनतारी रीडिंग घ्या. ट्रान्समीटर बसवून रॅट सावरला की तो पिंजऱ्यात मोकळा फिरत असताना 24 तास रीडिंग मिळतं, आणि दिवस-रात्र वेगळं बघा कारण हे प्राणी रात्रीच जागे असतात. टेल कफच असेल तर आधी बरेच दिवस नळीची सवय लावा, वेळ रोज तीच.

अंडाशय असलेल्या मादीचं सायकल 4 ते 5 दिवसांचं असतं, त्यामुळे रोज सकाळी स्मिअर घ्या, म्हणजे योनीतल्या पेशी काचेवर घेऊन सायकलचा टप्पा सूक्ष्मदर्शकाखाली बघा. गोल, केंद्रक दिसणाऱ्या पेशी म्हणजे प्रोइस्ट्रस, इस्ट्रोजेन सगळ्यात जास्त तेव्हाच, चपट्या कॉर्निफाइड (केंद्रक नसलेल्या, कडक झालेल्या) पेशींचा थर दिसला की इस्ट्रस, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी भरपूर दिसल्या तर डायइस्ट्रस. खाद्यही बघा, सोयाबीन असलेल्या खाद्यात इस्ट्रोजेनसारखं काम करणारे घटक असतात, अंडाशय काढून तेच खाऊ घातलं तर प्रयोगात गोंधळ झालाच म्हणून समजा, सोयाविरहित खाद्य मागवा.

शेवटी हार्मोन खरंच गेलं का ते तपासाच. मादीत गर्भाशयाचं वजन करा, अंडाशय काढल्यावर ते चांगलंच आक्रसतं, नरात सेमिनल व्हेसिकलचं (वीर्यातला द्रव बनवणाऱ्या पिशव्यांचं). अंडाशय काढून रिकामी कॅप्सूल बसवलेल्या ज्या मादीचं आक्रसलं नाही तिच्यात अंडाशयाचा तुकडा राहिलाय का ते बघा आणि बीपीचा हिशोब करणाऱ्यापासून लपवलेलं ग्रुपचं कोड उघडायच्या आधीच तिला डेटातून वगळा.