नऊ बिऱ्हाडं आणि एक वही

परवा भाचीचा फोन आला. वाकडच्या फ्लॅटचा अकरा महिन्यांचा करार संपतोय, कोथरूडला घर मिळालंय, "मावशी, सुरुवात कुठून करू?" म्हटलं, माळ्यावरून. बाकीचं लिहून पाठवते.

आमचे हे बँकेत होते. दर तीन-चार वर्षांनी बदलीची ऑर्डर यायची आणि मी माळ्याकडे बघायची. नांदेड, कोल्हापूर, रत्नागिरी, अकोला, नाशिक, डोंबिवली, पुणे, शिवाय गावातल्या गावात दोनदा घर बदललं ते वेगळं. पहिली तीन बिऱ्हाडं मी रडत हलवली, कारण मला वाटायचं की सामान बांधून झालं की काम संपलं. खरं काम सोडायला लागल्यावर सुरू होतं. म्हणून प्रत्येक खोकं बांधताना एकच विचारायचं: हे मी तिकडे कधी उघडणार?

माळ्यावरून सुरुवात एवढ्यासाठी, की तिथलं काहीच रोज लागत नाही. महिनाभर आधी एक रविवार काढा. मागच्या घरातून जे न उघडता आलं ते खोकं उघडूसुद्धा नका, थेट रद्दीवाल्याला किंवा भंगारवाल्याला दाखवा. (मी उघडलं. आत लग्नात आलेली लेमनसेटची तीन खोकी निघाली. परत बांधली. ती अजून आहेत.) त्याच दिवसापासून महिन्याचा किराणा भरणं बंद. आहेत ती पिठं, डाळी, तेल संपवत आणायचं. अर्धा भरलेला तेलाचा डबा टेम्पोत चढवणं म्हणजे गोधड्यांना तेलाची आंघोळ.

आता वही. साधी दोनशे पानी. खोक्यावर नुसतं 'किचन' लिहू नका. नाशिकला माझ्या बारा खोक्यांवर 'किचन' लिहिलेलं होतं आणि चहाची गाळणी सापडेपर्यंत त्यातली सात फोडली होती. खोक्याला नंबर द्यायचा, तो समोरासमोरच्या दोन बाजूंवर जाड मार्करने घालायचा, वर नाही, कारण वर दुसरं खोकं बसतं. आत काय आहे ते वहीत त्या नंबरापुढे. गाडी भरताना एकाने दारात उभं राहून टिकमार्क करायचा, उतरवताना तसाच. वही पर्समध्ये ठेवायची, खोक्यात नाही. हसू नका, मी ठेवली होती.

खोकी औषधांच्या दुकानातून आणा, ती मजबूत असतात. पुस्तकं लहान खोक्यात. माझा नियम असा की जे खोकं मला एकटीला उचलत नाही ते हमाल आपटणारच. काचेच्या बशा एकावर एक आडव्या रचू नका, जुन्या साडीचे तुकडे मधे घालून उभ्या लावा. देव आमच्याकडे तांदळाच्या डब्यात प्रवास करतात: खाली तांदूळ, त्यावर अन्नपूर्णा, बाळकृष्ण, वरून पुन्हा तांदूळ. नऊ घरांत एकालाही पोचा आला नाही. लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला प्लास्टिक, त्यावर झाकण, त्यावर फडक्याचा दादरा, आणि बरणी आपल्या मांडीवर.

पलंग-कपाट खोलताना स्क्रूचं काय करायचं हे मला रत्नागिरीने शिकवलं. सुताराने पलंग छान खोलला, बोल्ट 'नीट ठेवले' म्हणाला. नीट म्हणजे स्वतःच्या शर्टाच्या खिशात. आम्ही अकोल्याला, खिसा रत्नागिरीला. आठ दिवस जमिनीवर गाद्या. तेव्हापासून प्रत्येक वस्तूचे स्क्रू एका जुन्या मोज्यात, मोज्याला गाठ, आणि तो सुतळीने त्याच वस्तूच्या पायाला बांधलेला. खोलण्याआधी जोडाचा मोबाइलवर फोटो, आता ती सोय आहे.

गाडीवाल्याशी बोलताना गाडीभाडं सगळेच ठरवतात. भांडण होतं ते बाकीच्यावर: हमाली, दुसरा-तिसरा मजला, टोल, पलंग खोलणं-जोडणं. हे सगळं एका व्हॉट्सअॅप मेसेजमध्ये लिहून त्याच्याकडून 'ओके' घ्या. थोडे पैसे शेवटचं खोकं उतरेपर्यंत हातात ठेवा. महिनाअखेर आणि रविवार महाग पडतात. मधल्या आठवड्यातला मंगळवार-बुधवार बघा. पितृपंधरवड्यात कुणी घर बदलत नाही, म्हणून गाडीवाला भाव करायला तयार असतो. आम्ही डोंबिवलीहून त्याच दिवसांत निघालो. सासूबाई दोन महिने बोलल्या नाहीत, पण हमाल वेळेवर आले.

पावसाळ्यात जावं लागलं तर गाद्यांची जागा आधी ठरवा. जूनमध्ये कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालो, आंबा घाटात पावसाने गाठलं. ताडपत्री होती, पण गाद्या सगळ्यात शेवटी चढवलेल्या, मागच्या फाळक्याला लागून. कोकणात जूनमध्ये भिजलेली कापसाची गादी वाळत नाही, नुसता वास बदलत राहतो. गाद्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून गाडीच्या मधोमध घाला.

फ्रिज आदल्या दिवशी बंद करून, बर्फ उतरवून, पुसून दार उघडं ठेवा. गाडीत तो उभाच जायला हवा, आडवा केला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं. नव्या घरात ठेवल्यावर काही तास थांबून मगच चालू करा. पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनसोबत ड्रम आवळायचे बोल्ट आलेले असतात. बहुतेकांनी ते टाकून दिलेले असतात. तुमचे असतील तर तुम्ही माझ्यापेक्षा शहाणे.

कागदपत्रांचं थोडक्यात. गॅस: दुसऱ्या गावाला जाणार असाल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून अनामत परत घ्या आणि ट्रान्सफरचा कागद जपा, नव्या गावी तो दाखवून अनामत भरावी लागते. गावातल्या गावात फक्त कनेक्शन नव्या एजन्सीकडे वळवायचं. भरलेला सिलिंडर सामानाच्या गाडीत चढवू नका. मुलांच्या शाळेचा दाखला हातात पडला की तिथेच उभं राहून नाव आणि जन्मतारीख वाचा. भाड्याचं घर सोडताना विजेच्या मीटरचं रीडिंग दिसेल असा फोटो काढून मालकाला पाठवा आणि रिकाम्या घराचा व्हिडिओ करा, भिंती, नळ, खिडक्या. एका घरमालकाने आमच्या डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले होते, आणि तो डाग आमच्या आधीचा होता हे सांगायला आमच्याकडे तोंडाशिवाय काही नव्हतं. नव्या घरी सोसायटीच्या ऑफिसात आधीच विचारा: सामानाला लिफ्ट देतात का, किती वाजेपर्यंत, टेम्पो गेटच्या आत येतो का.

एक पिशवी मात्र गाडीत चढत नाही. तिच्यात चहा, साखर, ती गाळणी, एक पातेलं, लायटर, मेणबत्ती, औषधं, टॉवेल, एक्स्टेंशन बोर्ड, पक्कड-स्क्रूड्रायव्हर, कात्री आणि एक बल्ब. आधीचे लोक बल्बसुद्धा काढून नेतात. पहिल्या दिवशी दूध उतू जाऊ द्यायचं ते याच पातेल्यात. रात्रीचं जेवण बाहेरून, त्यात कमीपणा मानू नका.

विरजण मी मुद्दाम नेत नाही. दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन शेजारचं दार वाजवते. चमचाभर दह्याला कुणी नाही म्हणत नाही, आणि वाटी हातात येईपर्यंत पाणी किती वाजता येतं, कचऱ्याची गाडी कुठे थांबते, कोणता दूधवाला पाणी घालतो, सगळं कळलेलं असतं. पुण्यात शेजारच्या काकूंनी वाटी देताना विचारलं, "पिंप भरून ठेवलंत ना? उद्या गुरुवार, पाणी नाही." पिंप सत्तावीस नंबरच्या खोक्याखाली होतं. वहीत होतं.