गुणांची यादी काढून टाकली, तेव्हा

हडपसरला आठवीला गणित शिकवते. दर चाचणीनंतर पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर क्रमवारी टाकायचे. पारदर्शकता म्हणून. पण यादीत खाली असणारी मुलं वर्गात मान वर करेनाशी झाली. चूक माझी होती.

मग गूगल शीट्समध्ये गुणांऐवजी कौशल्यांचे रकाने केले: घातांक, विस्तार सूत्रे, बैजिक राशींचे अवयव. कंडिशनल फॉरमॅटिंग लावलं. १ लिहिला की लाल, २ ला पिवळा, ३ ला हिरवा. सगळ्यांची शीट एकच असली की एकाचं दुसऱ्याला दिसणार. टॅब लपवून किंवा प्रोटेक्ट करूनही माहिती खाजगी राहत नाही. म्हणून प्रत्येकाची वेगळी फाइल केली आणि इम्पोर्टरेंज या दुसऱ्या फाइलमधून माहिती आणणाऱ्या सूत्राने मुख्य शीटमधली फक्त त्याचीच ओळ तिथे आणली. पालकांना फक्त पाहण्याची परवानगी, कारण बदल करण्याची दिली तर तेच सूत्र वापरून मुख्य शीटमधलं बाकीचंही ओढता येतं. हे नीट जुळवायला दोन रविवार गेले.

काही घरांत एकच फोन, तोही वडिलांसोबत दिवसभर रिक्षात. त्या मुलांना शनिवारी प्रिंट देते.

परवा मधल्या सुट्टीत एक मुलगी वही घेऊन आली. एरवी शेवटच्या बाकावर गप्प बसणारी. म्हणाली, "बाई, अवयव अजून पिवळंच आहे. आत्ता एक गणित घालता का?"

पायरी गाळली नाही, मधलं पद बरोबर फोडलं. तिच्यासमोरच ३ लिहिला.