चित्रासाठी कागद आणि रंगांची जोडी जमवताना या चुका टाळा

वॉशवर, म्हणजे पाणीदार रंगाच्या पातळ थरावर, डाग उमटले, कोळसा कागदावर ठरेना, पेनची रेघ फुटली, की दोष आधी हाताला दिला जातो आणि मग रंगाला. कागदाची चौकशी सगळ्यात शेवटी होते. खरं तर कागद घेताना एकच गोष्ट आधी ठरवावी: त्यावर काय पडणार आहे? पाणी पडणार असेल तर खळ आणि जाडी पाहायची, कोरडी भुकटी पडणार असेल तर पोत, आणि तेल पडणार असेल तर अस्तर.

फक्त जीएसएम पाहून खरेदी

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, बाकी काही नाही. 300 जीएसएमचा कार्डशीट आणि 300 जीएसएमचा जलरंगाचा कागद बोटांना जवळपास सारखेच लागतात. पण रंगाचा दुसरा ओला हात दिला की कार्डशीटचे तंतू सुटून त्यांच्या बारीक गोळ्या होतात. फरक असतो तो सायझिंगचा, म्हणजे कागदाला दिलेल्या खळीचा. जलरंगाच्या कागदाला ही खळ लगद्यात मिसळून देतात, आणि चांगल्या कागदावर वरूनही जिलेटिनचा थर चढवतात. त्यामुळे रंग लगेच आत न मुरता वर थांबतो, पसरवता येतो, ओल्या ब्रशने उचलताही येतो.

काही गठ्ठ्यांवर वजन पौंडात छापलेलं असतं. तो आकडा 500 तावांच्या रिमचा, आणि तावाचा मूळ आकार कागदाच्या प्रकारागणिक वेगळा. जलरंगाच्या कागदात 140 पौंड म्हणजे 300 जीएसएम. दुसऱ्या प्रकारच्या कागदाला हे गणित लावू नये.

वेष्टनावरचा ‘वुडफ्री’ हा शब्दही फसवा आहे. तो लगदा लाकडाचाच असतो, फक्त कागद पिवळा पाडणारं लिग्निन त्यातून काढलेलं असतं. सुती कागद हवा असेल तर ‘100 टक्के कॉटन’ असं स्पष्ट लिहिलेलं पाहा.

वॉशमध्ये गडद ठिपके

आकाशाचा सपाट वॉश दिला आणि मधेच गडद, न पसरणारे ठिपके दिसले तर तिथली खळ गेलेली आहे. दमट हवेत वर्षानुवर्षं पडलेल्या कागदाचं असं होतं, आणि कोरडा असताना तो अगदी नव्यासारखा दिसतो. म्हणून जुना ताव वापरण्यापूर्वी दोन-तीन कोपऱ्यांवर पाण्याचा एकेक थेंब ठेवा. थेंब मिनिटभर चमकत राहिला तर कागद ठीक. काही सेकंदांतच आत मुरून गडद डाग झाला तर त्या तावावर जलरंगाचा नाद सोडा आणि तो कोळशाच्या कामाला ठेवा. नवे ताव बंद प्लास्टिकच्या पिशवीत, आडवे, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावेत.

ठिपक्यांऐवजी पट्टे दिसत असतील तर ते खोडरबराचं काम. खोडताना खळीचा थर आणि वरचे तंतू घासले जातात आणि तिथे रंग जास्त मुरतो. रेखाटन साध्या कागदावर पक्कं करून लाइट बॉक्सवरून किंवा खिडकीच्या काचेवरून छापून घ्या. खोडावंच लागलं तर मऊ, मळता येणारा खोडरबर नुसता दाबून उचला. पेन्सिल रेषेवरून वॉश वाळला की ती रेष सहसा निघत नाही, तेव्हा नको असलेल्या रेषा आधीच फिक्या करा.

कागदाला लहरी पडणं

तंतू ओले झाले की फुगतात, वाळले की आकसतात. भिजलेला भाग आणि कोरडा भाग एकमेकांना ओढतात आणि कागद वर-खाली होतो. 640 जीएसएमचा कागद हे सहन करतो. 300 जीएसएमचा कागद भरपूर पाणी घेणाऱ्या मोठ्या चित्रात कुरकुरतो. 190 जीएसएमचा ताणल्याशिवाय वापरूच नये.

ताणण्यासाठी 300 जीएसएमचा ताव थंड पाण्यात 8 ते 10 मिनिटं बुडवा, 190 चा 3 ते 5 मिनिटं. उचलून पाणी निथळू द्या आणि जाड प्लायवूडवर सपाट पसरवा. कडा टिपून चारही बाजूंना ओला करून चिकटवायचा तपकिरी कागदी गम टेप लावा; टेपचा अर्धा भाग कागदावर, अर्धा फळीवर. मास्किंग टेप ओल्या कागदाला धरत नाही. फळी आडवीच वाळवा. उभी केली तर पाणी खालच्या कडेला साचतं आणि तिथला टेप सुटतो. पातळ फळी घेतली तर आकसणारा कागद तिलाच वाकवतो.

चित्र झाल्यावर लहरी पडल्या असतील तर पाठीमागून स्पंजने हलका ओलावा द्या, दोन स्वच्छ टिपकागदांमध्ये ठेवून वर फळी आणि वजन ठेवा, दिवसभर हलवू नका.

सरावाला स्वस्त कागद वापरा हा सल्ला जलरंगात उलटतो. लाकडी लगद्याचा कागद सहसा लवकर वाळतो, सुती कागद ओल जास्त वेळ धरतो. ओल्यावर ओलं काम करण्याचा अंदाज एकावर बसवून दुसऱ्यावर चालवला तर फुलकोबीसारखे डाग ठरलेले. 56 × 76 सेंटीमीटरचा सुती ताव आणून त्याचे आठ तुकडे करा आणि दोन्ही बाजू वापरा, हे जास्त शहाणपणाचं.

मास्किंग फ्लुइड, म्हणजे कागदाचा काही भाग रंगापासून राखायला लावायचा रबरी द्रव, दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका आणि हेअर ड्रायरने तापवू नका. नाहीतर ते कागदाला घट्ट धरतं आणि काढताना वरचा थर सोलून आणतं. कागद पूर्ण वाळल्यावरच ते चोळून काढा.

कोरड्या माध्यमांतले घोटाळे

कोळसा आणि सॉफ्ट पेस्टल म्हणजे भुकटी. तिला अडकायला खरखर लागते. गुळगुळीत कागदावर दोन थरांनंतर ती घसरायला लागते, आणि कितीही फिक्सेटिव्ह (भुकटी धरून ठेवणारा फवारा) मारलं तरी पोत निर्माण होत नाही. फिक्सेटिव्ह साधारण 30 सेंटीमीटरवरून, हवेशीर जागी, दोन-तीन पातळ फवाऱ्यांत मारा. एकदम भिजवलं तर पेस्टलचे उजळ रंग गडद होतात. ऑइल पेस्टल मात्र कधीच पूर्ण वाळत नाही. त्याला ग्लासिनचा (गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागद किंवा काचेची चौकट हवी.

ग्राफाइटवर, म्हणजे साध्या पेन्सिलीच्या शिशावर, कोळसा चढवू नका. 6बी किंवा 8बी घोटून काळा रंग मिळवायला गेलात तर मिळते चमक, आणि त्या गुळगुळीत थरावर कोळसा धरत नाही. जिथे खरा काळा हवा तिथे सुरुवातच कोळशाने किंवा कार्बन पेन्सिलने करा. 4एचसारखी कडक पेन्सिल जोरात दाबली तर कागदात खाच पडते आणि पुढचा रंग त्या खाचेत साचतो.

रंगीत पेन्सिलीच्या गडद भागावर काही दिवसांनी पांढुरकी झाक आली तर ती बुरशी नव्हे, वर आलेलं मेण असतं. मऊ फडक्याने हलकेच पुसा.

शाई, मार्कर, तेल

बारीक निबला कोल्ड प्रेस, म्हणजे खरखरीत पोताच्या, कागदाचे तंतू अडकतात आणि शिंतोडे उडतात. हॉट प्रेस (गुळगुळीत पोताचा) कागद किंवा गुळगुळीत ब्रिस्टल (जाड, कार्डासारखा कागद) घ्या. रेघेवर जलरंग द्यायचा असेल तर शाई पाण्याने न सुटणारी आहे का हे त्याच कागदाच्या तुकड्यावर तपासा. शेलॅक (लाख) असलेली इंडिया इंक फाउंटन पेनात भरली तर पेन चोंदतो. अल्कोहोल मार्कर जलरंगाच्या कागदावर चालवू नका: कागद शाई पिऊन जातो आणि मार्करचं टोक झिजवतो.

तैलरंग थेट कागदावर लावले तर तेल तंतूंत शिरून कागद पिवळा आणि ठिसूळ होतो, भोवती तेलकट कडा दिसते. 300 जीएसएमच्या कागदाला आधी अॅक्रेलिक जेसोचे (रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन पातळ हात द्या, आणि कागद वळू नये म्हणून मागच्या बाजूलाही एक. अॅक्रेलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर अॅक्रेलिक नाही. ते पुढे सुटतं.

रंगाचं नाव वाचून घेणं

ट्यूबवर पिगमेंटचा, म्हणजे रंगद्रव्याचा, कोड पाहा. पीबी 29 म्हणजे अल्ट्रामरीन, उजेडात टिकाऊ. पीआर 83 म्हणजे अस्सल अॅलिझरिन क्रिमसन, फिका पडणारा. नावापुढे ‘ह्यू’ असेल तर रंगछटा तीच, पिगमेंट दुसरं. शंका असलेल्या रंगांच्या पट्ट्या एका कागदावर ओढा, अर्धा भाग जाड काळ्या कागदाने झाकून उन्हाच्या खिडकीत दोन-तीन महिने ठेवा. झाकलेल्या आणि उघड्या अर्ध्यांत फरक दिसला तर तो रंग वहीतल्या स्केचपुरता ठेवा, भिंतीवर लावायच्या चित्रात नको.